भाग ३७ : काचेत अडकलेलं सोनं लांबट कसं होतं?

(हे या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात गेलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ काढून टाकलेत, बाकी सगळं जसंच्या तसं.)

गेल्या भागात काचेच्या रंगांबद्दल बोललो होतो. त्यावर एक व्हॉईस नोट आली, मागे लोकलची घोषणा ऐकू येत होती. प्रश्न असा : “दादा, तू म्हणालास की काचेतल्या सोन्याच्या कणाचा आकार बदलला की रंग बदलतो. पण कण काचेच्या आत आहे. काच न फोडता त्याचा आकार बदलणार कसा?”

प्रश्न भारी आहे. आणि याचं उत्तर मला जरा जास्तच जवळून माहीत आहे, कारण या प्रयोगात मी एकदा मोठी माती खाल्ली होती. ती गोष्टही आज सांगणार आहे. आधी थोडी उजळणी.

सोनं पिवळं असतं हे आपल्याला दागिन्यांमुळे माहीत. पण त्याच सोन्याचा वीस नॅनोमीटरचा गोल कण काचेत बसवला तर काच लाल दिसते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या छोट्या कणातले इलेक्ट्रॉन प्रकाश पडला की सगळे मिळून इकडून तिकडे डुलतात. सोन्याच्या गोल कणात हे डुलणं साधारण ५२० ते ५३० नॅनोमीटरच्या प्रकाशाला, म्हणजे हिरव्याला, सगळ्यात जोरात प्रतिसाद देतं. हिरवा गिळला जातो, उरलेला प्रकाश आपल्याला लालसर दिसतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन चषक आहे, लायकर्गसचा चषक. बाहेरून उजेड पडला की तो हिरवट दिसतो, आतून दिवा लावला की लाल. त्याच्या काचेत सोन्या-चांदीच्या मिश्रणाचे सुमारे ७० नॅनोमीटरचे कण आहेत. ज्याने तो केला त्याला नॅनो वगैरे काही ठाऊक नव्हतं.

आता समजा कण गोल नाही, लांबट आहे, तांदळाच्या दाण्यासारखा. मग इलेक्ट्रॉनना डुलायला दोन वेगळ्या दिशा मिळतात. आडव्या दिशेने डुलले तर जवळपास जुनाच रंग. लांबीच्या दिशेने डुलले तर प्रतिसाद तांबड्याकडे सरकतो, दाणा आणखी लांब असेल तर डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशापर्यंत जातो. म्हणजे लांबी बदलून तुम्ही रंग निवडू शकता. आणि सगळे दाणे एकाच दिशेला तोंड करून बसले असतील तर ती काच प्रकाशाच्या कंपनाची दिशा ओळखते. यालाच पोलरायझर म्हणतात.

पोलरायझर तुमच्या हातात आत्ता आहे. मोबाईलच्या एलसीडी पडद्यावर एक असतोच. पोलराइज्ड गॉगल घालून फोन हळूहळू फिरवा, एका कोनात पडदा काळा होईल. तो मात्र सोन्याचा नाही, आयोडीन घालून ताणलेल्या प्लॅस्टिकच्या फिल्मचा असतो. कॉर्निंग कंपनीची एक काच आहे, तिच्यात चांदीचे लांबट कण असतात. तेही काच गरम करून ताणूनच लांबवतात. काच ओढली की आतले कणही ओढले जातात. सरळ हिशेब.

पण दोनशे नॅनोमीटर जाडीचा, दुसऱ्या काचेवर चिकटलेला थर ताणणार कुठून? तिथे आयनांचा झोत येतो.

आयन म्हणजे इथे नेमकं काय

चांदीचा अणू घ्या. त्याला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवा, तो ऋण आयन झाला. वर काही मजले उंच टाकीच्या मध्यभागी १ कोटी २० लाख व्होल्टचं धन टोक आहे. ऋण आयन तिकडे ओढला जातो. तिथे कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, त्यातून जाताना आयनाचे बरेच इलेक्ट्रॉन गळून पडतात. समजा त्याचा भार आता धन ९ झाला. मग तेच टोक त्याला नऊपट जोरात ढकलून देतं. एकदा १२ आणि नंतर नऊ वेळा १२, एकूण १२० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा. मला ही युक्ती अजूनही फार आवडते.

या यंत्राला पेलेट्रॉन म्हणतात, कारण वरच्या टोकावर भार नेणारी साखळी धातूच्या गोळ्यांची, म्हणजे पेलेटची असते, मध्ये नायलॉनचे जोड. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक पेलेट्रॉन आहे, दिल्लीत आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात दुसरा. १२० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा चांदीचा आयन सेकंदाला साधारण १४,७०० किलोमीटर जातो, प्रकाशाच्या वेगाच्या पाच टक्के. मुंबई-दिल्ली हवाई अंतर तो सेकंदाच्या बाराव्या-तेराव्या हिश्श्यात कापेल.

असा आयन काचेत घुसला की तो अणूंना धक्के मारत जात असेल असं वाटतं. तसं होत नाही. एवढ्या वेगात अणुकेंद्रांशी त्याची टक्कर क्वचितच होते. तो जाता जाता वाटेतल्या इलेक्ट्रॉनना ऊर्जा देत सुटतो, दर नॅनोमीटरला १० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा बंध तोडायला पाचेक इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, यावरून अंदाज घ्या. इलेक्ट्रॉन ती ऊर्जा सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आत अणूंना देऊन टाकतात, आणि आयनाच्या वाटेभोवती साधारण दहा नॅनोमीटर रुंदीचा एक खांब वितळतो. सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअस लागतात, सोन्याला १०६४. म्हणजे त्या खांबात सोन्याचा कण असेल तर तोही वितळतो. पुढच्या शंभरेक पिकोसेकंदांत सगळं पुन्हा थंड. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग.

आणि इथे गंमत सुरू होते

१९८३ मध्ये बर्लिनमध्ये क्लाउम्युन्झर आणि शूमाखर यांनी पॅलेडियम-सिलिकॉनच्या काचेसारख्या, म्हणजे स्फटिक नसलेल्या धातूवर वेगवान आयन सोडले. तुकडा झोताच्या आडव्या दिशेने पसरला आणि झोताच्या दिशेने आखडला. आकारमान तेवढंच. जणू वरून हातोडा मारला, म्हणून याला ‘आयन हॅमरिंग’ म्हणतात. पुढे ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांवर आयन सोडले, त्या गोळ्यांच्या चकत्या झाल्या. कणकेच्या गोळीची पोळी.

२००३ मध्ये फ्रान्समधल्या दोर्लेआं आणि सहकाऱ्यांनी सिलिकात अडकलेल्या कोबाल्टच्या कणांवर २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे आयोडीन आयन सोडले. काच चपटी होते, मग कणही चपटा व्हायला हवा. झालं उलटंच. कण झोताच्याच दिशेने लांब झाले. पुढच्याच वर्षी रूर्डा, पोलमन वगैरेंनी सिलिकाचं कवच असलेल्या सोन्याच्या कणांवर तसंच करून दाखवलं. कवचाची चकती, आणि तिच्या पोटात सोन्याची उभी काडी. दिल्लीच्या त्वरक केंद्रात डी. के. अवस्थी यांच्या गटाने २००७ च्या सुमारास सिलिकातल्या सोन्यावर हे काम केलं.

काचेची पोळी होते आणि सोन्याची शेव, दोन्ही एकाच झोताने. का?

पहिलं उत्तर सोऱ्याचं. काच आडवी पसरू बघते, पण आजूबाजूलाही काचच आहे, ती पसरू देत नाही. मग बाजूंनी दाब येतो. मऊ झालेलं सोनं कुठे जाणार? आयनाच्या वाटेतली काच त्या क्षणी पातळ आहे, तिकडेच, वर आणि खाली. शेव पडते तशी.

दुसरं उत्तर दुधाचं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या क्लुथ आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की सिलिकातल्या आयनाच्या वाटेचा गाभा विरळ असतो आणि भोवतीचं कवच दाट. हेलसिंकीच्या लेइनो वगैरेंनी संगणकावर एकेक अणू धरून हे घडवून पाहिलं. सोनं वितळतं, फुगतं, आणि त्या विरळ गाभ्यात उतू जातं. मागे सरकायच्या आत काच थिजते. दूध उतू गेलं आणि तिथेच गोठलं असं समजा. पुढचा आयन येईपर्यंत सोन्याचा पुन्हा स्फटिक होतो. मग पुन्हा थोडं उतू जातं.

मला स्वतःला दुसरं उत्तर जास्त पटतं, कारण ते एकेका आयनाचा हिशेब देतं. पण पहिलं पूर्ण फेकून द्यावं असंही वाटत नाही. एक गोष्ट नक्की, भोवतीच्या काचेशिवाय काहीच होत नाही. कवच पुरेसं जाड नसेल तर सोनं लांबत नाही. सोन्याचा आकार खरं तर काच बदलते.

एका कणाचं आयुष्य

हा हिशेब मी तेव्हा वहीच्या मागच्या पानावर केला होता, तो तुम्हाला देतो. पूर्ण मात्रा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० लाख कोटी आयन. आकडा ऐकून घाबरू नका. एका चौरस सेंटिमीटरमध्ये बरोबर तितकेच चौरस नॅनोमीटर असतात. म्हणजे दर चौरस नॅनोमीटरला एक आयन. पंधरा नॅनोमीटर व्यासाच्या कणाचा छेद १७७ चौरस नॅनोमीटर. म्हणजे त्याला सुमारे १७७ थेट फटके.

झोतात सेकंदाला ६२५ कोटी आयन असतील तर एक चौरस सेंटिमीटरला ही मात्रा द्यायला साधारण साडेचार तास लागतात. म्हणजे एका कणाला सरासरी दीड मिनिटाला एक फटका. प्रत्येक वेळी तो शंभर पिकोसेकंद वितळलेला राहिला असं धरा. साडेचार तासांत तो एकूण किती वेळ द्रव होता? सुमारे १८ नॅनोसेकंद. बाकी सगळा वेळ कण नुसता थंड बसलेला, पुढच्या आयनाची वाट बघत. त्याचा गोलाचा दाणा झाला तो त्या १८ नॅनोसेकंदांत.

आता माझी माती

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी एका पीएच.डी. करणाऱ्या सीनिअरच्या हाताखाली होतो. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. तिने सोनं आणि सिलिका एकाच वेळी उडवून क्वार्ट्झवर पातळ थर केले होते, एकेक सेंटिमीटरचे चौकोन. त्यात दोन गट. ‘अ’ गट भट्टीत भरपूर तापवलेला, त्यात कण मोठे, पंधराएक नॅनोमीटरचे. ‘ब’ जेमतेम तापवलेला, कण तीन-चार नॅनोमीटरचे, रंग फिकट गुलाबी. बेत असा की ‘अ’ला पूर्ण मात्रा द्यायची आणि ‘ब’ला फक्त दहावा भाग, नुसतं काय होतं ते बघायला.

त्वरकावर वेळ मिळणं म्हणजे काय ते सांगतो. प्रस्ताव लिहायचा, समितीसमोर बोलायचं, मग काही महिन्यांनी तीन शिफ्ट मिळतात. आठ-आठ तासांच्या तीन. त्यात झोत नीट लागायलाच काही तास जातात. नमुने धातूच्या एका उभ्या पट्टीवर चिकटवायचे, तिला लॅडर म्हणतात, आणि ती निर्वात कक्षात सोडायची. एकदा झोत सुरू झाला की आत कोणी जात नाही, दार उघडलं की झोत आपोआप बंद. बाहेर बसून लॅडर वरखाली करायची. लॅडरवर क्वार्ट्झचा एक तुकडा असतो, त्यावर झोत पडला की तो निळसर चमकतो आणि कॅमेऱ्यात दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी फोटो काढायला फोन शोधत होतो, तो बाहेर जमा होता.

नमुने मी चिकटवले. ताई दोन रात्री जागी होती, म्हणाली, “तू लाव, मी यादी वाचते.” तिने यादी वरून खाली वाचली, मी लॅडर टेबलावर उलटी धरून लावली. झालं. ‘अ’च्या जागी ‘ब’.

सकाळी कक्ष उघडला. पूर्ण मात्रा मिळालेला नमुना पांढरा स्वच्छ. गुलाबी रंग गायब. ताईने तो पांढऱ्या कागदावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. म्हणाली, “सोनं गेलं कुठे?” मला त्या क्षणी कळलं होतं. दुसरा नमुना मी बघितला, तो गडद लाल, जसाच्या तसा. तिने विचारलं, “यादीप्रमाणेच लावलेस ना?” मी म्हणालो, “हो.”

परतीच्या ट्रेनमध्ये ती वरच्या बर्थवर झोपली आणि मी रात्रभर दारापाशी उभा होतो.

तीन आठवडे मी बोललो नाही. त्या तीन आठवड्यांत तिने थर बनवण्याची सगळी पद्धत संशयित धरली. भट्टीचं तापमान पुन्हा तपासलं, नवीन थर केले, गाइडची बोलणी खाल्ली. मी शेजारच्या टेबलावर बसून पेपर वाचत होतो. त्यात २०११ चा एक पेपर हाताला लागला, रिजवे आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी सिलिकातल्या दहा वेगवेगळ्या धातूंच्या कणांवर एकाच पद्धतीने आयन सोडले होते. मोठे कण लांब होत जातात. पण एका ठरावीक व्यासापेक्षा लहान असलेले कण लांब होतच नाहीत, ते काचेत विरघळून जातात. लांब झालेल्या काडीची रुंदीही एका मर्यादेच्या खाली जात नाही, ती मर्यादा प्रत्येक धातूची वेगळी. आणि वितळलेल्या खांबापेक्षा जास्त रुंदही ती शेवटी राहत नाही.

सोनं कुठे गेलं याचं उत्तर समोर छापलेलं होतं. तीन नॅनोमीटरचा कण दहा नॅनोमीटरच्या वितळलेल्या खांबात अख्खा बुडतो. गोळा टिकवून धरायला त्याच्यात पुरेसे अणूच नसतात. अणू एकेक करून काचेत पांगतात. जिथे मोठा कण जवळ असतो, तिथे यातले काही अणू त्याला जाऊन मिळतातही.

म्हणजे तिची पद्धत बरोबर होती. फक्त नमुना चुकीचा होता, आणि तो कोणामुळे चुकला हे मला एकट्याला माहीत होतं.

त्या संध्याकाळी मी पेपर तिच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, तीन आठवडे मी भट्टीला शिव्या घातल्या.” मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, “लॅडरची वही आण.” वहीत तिने माझ्या अक्षरातली नोंद खोडली, शेजारी खरी लिहिली, खाली तारीख आणि माझी सही घेतली. नंतर चारेक दिवस आमचं बोलणं कामापुरतंच.

पुढचा झोत आठ महिन्यांनी मिळाला. त्या वेळी आणखी एक सुधारणा केली. झोत काचेवर सरळ उभा पडला तर दाणेही उभे होतात, आणि समोरून बघणाऱ्या प्रकाशाला त्यांची फक्त गोल डोकी दिसतात. रंग जवळपास बदलतच नाही. कितीतरी लोकांना वाटतं प्रयोग फसला. म्हणून नमुने ४५ अंशांत तिरके लावले. या वेळी यादी मी वाचली आणि लॅडर तिने लावली.

डोळ्यांना फार काही दिसलं नाही, खरं सांगतो. लाल किंचित जांभळट. पण वर्णपटमापकात पोलरायझर फिरवला तर एका दिशेला जुनाच उंचवटा होता, आणि नव्वद अंश फिरवल्यावर तांबड्याच्या बाजूला दुसरा उंचवटा वर आला. ताईने तो आलेख तीनदा काढला, मशीन बंद करून पुन्हा चालू करून.

बाजारात याचं काय होणार, असं तुम्ही विचाराल. सोन्याच्या काड्या रसायनांनी पाण्यात सहज आणि स्वस्तात बनतात. पण त्या पाण्यात हव्या तशा लोळतात, सगळ्या एका दिशेला बसवणं अवघड. झोताने त्या घट्ट काचेत, एका रांगेत आणि ठरवलेल्या कोनात मिळतात. कोबाल्टसारख्या धातूत तर चुंबकत्वाची सोयीची दिशाही अशी ठरवता येते. किंमत मात्र एका चौरस सेंटिमीटरला कित्येक तास पेलेट्रॉनचा वेळ. तुमच्या पुढच्या फोनमध्ये हे येईल असं मी म्हणणार नाही.

ताईच्या प्रबंधात तो पांढरा पडलेला नमुनाही आहे, लहान कण विरघळतात याचा पुरावा म्हणून. आकृतीखाली मात्रा बरोबर लिहिली आहे. तो नमुना त्या लॅडरवर कसा पोहोचला, ते लिहिलेलं नाही.

पुढच्या भागात चांदी आणि पिवळी काच. व्हॉईस नोट पाठवत राहा, फक्त लोकलमधून पाठवताना जरा जोरात बोला.